वकील आपल्याशी बोलतो का?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला 'कायदा आणि आपण' असा गलेलठ्ठ विषय दिला होता. तो दारातच ठेवून आलोय. मी वकील नाही. बापाबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून ज्याची शाळा बुडाली, असा एक अशील आहे. तेव्हा अशिलाच्या बाजूनंच बोलणार.

गावाकडं आमची दोन एकर, मूळची वतनाची. शेजारचा बांध कोरत कोरत आत आला आणि २००५ साली सरळ नांगरच घातला. बापानं तालुक्याला दावा लावला. बाप मुंबईत, महापालिकेच्या कचरा खात्यात. रजा टाकायची, रात्रीची एस्टी धरायची, सकाळी दहाला कोर्टात. वकील साडेअकराला कोट उडवत यायचा. बाप हात जोडून उभा. हा थांबायचा पण नाही. चालता चालता म्हणायचा, 'तारीख पडली. कारकुनाकडं पैसे द्या.' सहा वर्षं बापानं एवढंच ऐकलं. तारीख कुणी मागितली, का मागितली, समोरचा काय म्हणाला, एक अक्षर नाही. मी पोरगा, एकदा विचारलं. तर म्हणाला, 'तुम्हाला ते कळणार नाही.'

हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. पोथीवाले पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आले.

२०११ साली एका तारखेला त्यानं बापाला 'येऊ नका' म्हणून कळवलं, आणि स्वतःही गेला नाही. पुकारा झाला. कुणी हजर नाही. दावा गैरहजेरीत काढून टाकला. असा दावा पुन्हा लावायचा तर अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. आम्हाला कळलं ११ महिन्यांनी, ते पण गावच्या पोरांकडून. मधल्या काळात कारकुनानं दोनदा पैसे घेतले होते.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली. तो वकील आपलाच होता. ऑफिसात बाबासाहेबांचा फोटो, फोटोला ताजा हार. बाप त्या फोटोकडं बघूनच आत गेला होता.

अरे, बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये लागला, हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला. नऊ वर्षं! आणि त्यात ते स्वतः प्रतिवादी. म्हणजे कोर्टाच्या दारात ताटकळणं काय असतं हे त्यांना आतून ठाऊक होतं. दावा लांबला म्हणून मी वकिलाला शिव्या देत नाही. लांबतोय हे सांगितलं नाही, म्हणून देतो.

दुसरा वकील एक बाई. कुठल्या जातीची, आम्ही विचारलं नाही. तिनं बापाला खुर्ची दिली. तासभर ऐकलं. मग म्हणाली, 'काका, उशीर माफ होईलच असं मी सांगत नाही. ११ महिन्यांचा हिशोब कोर्टाला पटवावा लागेल.' फीचा आकडा कागदावर लिहिला. वकीलपत्र वाचून दाखवलं, मग सही घेतली. परत येताना एस्टीत बाप म्हणाला, 'ही बाई हरली तरी चालंल.' मला राग आला. चालंल कसं? जमीन पाहिजे ना! उशीर माफ झाला, दावा पुन्हा लागला. बाप २०१७ ला गेला. दहाव्या दिवशी तिचा फोन, 'दुःखात आहात, पण ९० दिवसांत वारसांची नावं लावावी लागतात.' तेव्हा बापाचं बोलणं कळलं.

तर पहिल्याच भेटीत विचारा. लाजू नका. पुढच्या तारखेला नक्की काय होणार? उभं कोण राहणार, तुम्ही की ज्युनियर? मला कोण आणि कसं कळवणार? पैशाची पावती मिळेल? ह्यावर जो चिडतो, त्याच्या पायऱ्या उतरा. केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर घ्या, मोबाईलवर तारीख दिसते. पण तारीख का पडली ते मोबाईल समजावून सांगत नाही, त्यासाठी माणूसच लागतो. वकील बदलायचा असेल तर फी थकली म्हणून त्याला कागद अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं २००० साली सांगितलंय. पैसे नसतील तर १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. फुकटचा आहे म्हणून प्रश्न गिळायचे नाहीत.

अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये तर सरकारी वकील आपण निवडतच नाही. पण २०१६ पासून लागू झालेलं कलम १५-अ वाचा. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असली तरी पीडिताला आधी कळवलं पाहिजे, आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. नाही कळवलं तर तसा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

माझी तारीख येत्या मंगळवारी आहे. साक्षीदाराचा उलटतपास आहे, बाईंनी काल समजावून सांगितलं. कोर्टाचा रोजनामा कसा वाचायचा हे ज्याला बघायचंय त्यानं सोबत यावं. एस्टी सोमवारी रात्री साडेदहाला सुटते. डबा आपापला आणा.