संशोधनाचे मोजमाप बागेतच

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा-सौंसरकरांना संत्र्याविषयी वेगळे सांगायला नको. 2023 मध्ये आपला जिल्हा नवा झाला, बागा मात्र जुन्याच. आंबिया धरावा की मृग, यावर इथे लग्नाच्या पंगतीतही चर्चा रंगते. पण फळावर आलेल्या झाडाच्या बुडाशी डिंक सुटतो, पाने पिवळी पडतात आणि शेवटी झाड वाळते, तेव्हा घरचे वर्षभराचे गणित कोलमडते.

या डिंक्याचे कारण शास्त्रज्ञांनी केव्हाच शोधले आहे. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव ओल्या मातीतून मुळांना आणि खोडाला लागतो. उपायही साधे आहेत. कलमाचा डोळा जमिनीच्या वीतभर वर ठेवावा, दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर राखावे, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावावी. लिंबूवर्गीय फळांचे केंद्रीय संशोधन 1985 पासून शेजारच्या नागपुरातच चालते. तरीही किती बागांत पाणी अजून खोडाला लागते, ते आपण पाहतोच.

संशोधनाचा प्रभाव जगभर उल्लेखांवरून मोजतात. यूजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये ही कल्पना मांडली. 2005 मध्ये हिर्श यांचा एच-इंडेक्स आला: दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला, तर अंक दहा. एका विद्वानाचे दुसऱ्याने वाचले, एवढे यातून कळते. शेतकऱ्यापर्यंत काय पोहोचले, ते कळत नाही. नुसत्या नियतकालिकाच्या अंकावरून संशोधन तोलू नये, असे 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही म्हटले आहे.

आम्ही संशोधक नाही. पण मोजणी आम्हालाही जमते. म्हणून सुचवतो: प्रत्येक गावात दहा बागा निवडू. डोळा किती झाडांचा वर आहे, दुहेरी आळी किती, पेस्ट किती खोडांना, डिंक्या किती झाडांना, हे वहीत लिहू. त्यातल्या पाच बागांत ही माहिती आपल्या मराठीत समजावून सांगू. पुढच्या गणेशोत्सवापूर्वी दहाही बागा पुन्हा मोजू. पाऊसपाणी सर्वांना सारखेच, म्हणून उरलेल्या पाच बागांशी तुलना केली की फरक सांगण्याने पडला की नुसत्या हवामानाने, याचा अंदाज येईल. मेलेली झाडेही प्रामाणिकपणे लिहू. त्या नोंदी संशोधकांपुढे ठेवू. त्यांनाही पुढचा प्रश्न सापडेल.

बाप्पा विद्येची देवता. ती विद्या बांधावर पोहोचवणे हीसुद्धा त्याची सेवाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!