कोबेचा बहर, किलवणीचा पळस

प्रवासी आगबोट कोबेच्या धक्क्याला कोणत्या दिवशी लागणार, हे पुष्कळ आधी ठरते. चेरीचा बहर मात्र वेळापत्रक पाळीत नाही. पूर्ण फुलला की जेमतेम आठवडाभर टिकतो. त्यातून वसंतही आता लवकर येऊ लागला आहे. जवळच्या क्योतोत २०२१ साली २६ मार्च रोजीच पूर्ण बहर आला. यापूर्वीचा विक्रम १४०९ सालचा, २७ मार्चचा! राजे, सरदार व भिक्षू यांच्या रोजनिशींमुळे हे कळते. आज तेथील हवामान खाते नेमलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की वर्दी देते. आपल्याकडे सिल्वासाजवळ, किलवणीच्या रानात फाल्गुनात पळस पेटतो. तेथील शाळकरी मुलांनी एखादा पळस नेमून पहिल्या फुलाची तारीख दरसाल वहीत टिपावी. खर्च काय तो पेन्सिलीचा.