उसावरची सिरफिड माशी : ओळखा आणि राखा

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. त्याआधी ही कीड आसाम, नागालँडकडं होती. लवकरच ती सातारा, कोल्हापूरकडंही पसरली. पानाखाली पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी, हे सगळं तुम्ही पाहिलेलंच आहे. पण त्या थरात माव्याचे वैरीही राहतात. त्यांतल्या डिफा आणि मायक्रोमस यांची नावं पुष्कळांनी ऐकली आहेत. सिरफिड माशी मात्र फारशी कुणाच्या ओळखीची नाही. आज तिच्याविषयी बोलू.

ही माशी फुलांपुढं हवेत एका जागी तरंगत राहते. पोटावर काळे-पिवळे पट्टे असतात, म्हणून आपण तिला गांधीलमाशी समजतो. तेव्हा पंख मोजा. गांधीलमाशीला नि मधमाशीला चार पंख; हिला दोनच. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गाठी असतात. घरमाशी, डास यांच्याच द्विपंखी गणात ती मोडते. तिचे डोळे मोठे, मिशा आखूड. नांगी नाही, त्यामुळं ती डसत नाही. ती स्वतः मध आणि पराग खाते. मावा खाते ती तिची अळी.

आता तुम्ही म्हणाल, अळी दिसली की ती पिकाची वैरीण. इथंच घोटाळा होतो. सिरफिडची अळी बिनपायाची, तोंडाकडं निमुळती, शेपटाकडं रुंद. डोकं वेगळं दिसत नाही. ती मावा धरते, रस शोषते आणि रिकामं टरफल टाकते. अशी एक अळी शेकडो मावा फस्त करते. डिफाच्या अळीला पाय असतात आणि ती जाळी करून राहते. मायक्रोमसच्या अळीला सहा पाय आणि विळ्यासारखे जबडे असतात. तिघीही आपल्याच.

अळीवरून माशीची नेमकी जात ठरवणं अवघड असतं. म्हणून माव्याच्या पानासकट अळी बाटलीत ठेवा, तोंडाला पातळ फडकं बांधा. मावा संपला की ताजं पान घाला. अळीचा थेंबासारखा कोष होतो आणि त्यातून माशी निघते. ती फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. लोकरी माव्यावर आढळलेल्या अशा एका जातीचं शास्त्रीय नाव युपिओडस कॉन्फ्रेटर आहे.

शेवटी एकच सांगणं. पंप पाठीला लावण्याआधी फडात चार ठिकाणी पानं उलटून पाहा. या अळ्या दिसल्या तर विषारी औषध मारू नका. औषधानं माव्याबरोबर त्याचे वैरीही मरतात, आणि उरलेला मावा मोकळा वाढतो. बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. माशीला तिथं चारा मिळेल.