गरम पाण्याची वाट

मावळात पाऊस एकदा लागला की चार महिने उन्हाचं दर्शन दुर्मीळ. गच्चीवरचे सौरबंब नुसते भिजत उभे असतात. म्हणून लोणावळ्या-खंडाळ्यात बिनटाकीचा गॅस गिझर घरोघरी आला, वाहतं पाणी वाहता वाहता तापवणारा. पाठोपाठ तक्रारही आली. आमच्या घरी ती आईची होती. "अरे, गिझर पेटल्याचा आवाज येतो, पण नळाला गारच पाणी. वाट पाहून हात गारठला माझा."

डिसेंबरातल्या एका पहाटे मी घड्याळ आणि मापाची बादली घेऊन न्हाणीघरात बसलो. कोमट धार यायला दीड मिनिट लागलं आणि तोवर बादलीत जवळजवळ सहा लिटर पाणी साठलं. मग टेप घेऊन नळी मोजली. गिझर स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत. तिथून नळी छताला चढते, माळ्यावरून फिरते आणि घराच्या दुसऱ्या टोकाला उतरते. भरली सोळा मीटर. पाऊण इंची सीपीव्हीसी नळीत मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे रात्रभर निवलेलं चार लिटर पाणी त्या नळीतच होतं. ते निघाल्याशिवाय मागच्या गरम पाण्याला वाट कुठली? उरलेलं पाणी गेलं गिझर पेटेपर्यंत आणि गार नळी तापेपर्यंत. गिझर त्याचं काम चोख करत होता.

तरी आपण आधी गिझरच बदलायला निघतो. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी सुमारे 25 अंशांनी तापवणारा. विजेचा तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तेवढ्याच फरकाने मिनिटाला दोन लिटरही तापवू शकत नाही. मोठा गिझर जास्त पाणी तापवील, पण नळीतलं गार पाणी तो गिळून टाकणार नाही.

दुसरी अडचण दाबाची. या गिझरमध्ये रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो सरकला तरच गॅस सुटतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. आपल्या वळवण धरणाचं पाणी 1915 पासून घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात जातं, सुमारे पाचशे मीटर खाली. तिथे पन्नास बारच्या आसपास दाब मिळतो. आपल्या बैठ्या घराची टाकी नळाच्या वर जेमतेम दोन मीटर. तेवढ्यात पडदा कसाबसा सरकतो, नळ थोडा बारीक केला की गिझर विझतो. अंगाला साबण लावताना नळ बंद केला आणि पुन्हा सोडला की मधेच गार पाण्याचा लोट येतो, ते गिझर पुन्हा पेटेपर्यंत त्यातून गेलेलं पाणी.

आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. आई बंबफोड घालून तो पेटवायची. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडायचं, त्याच क्षणी. मग त्यात विसण घालायचं. बंब न्हाणीतच होता. चूल आणि अंघोळ यांत चार पावलांचं अंतर नव्हतं. आताच्या आराखड्यांत न्हाणीघर एका टोकाला आणि गॅस दुसऱ्या. नकाशा काढणाऱ्याने नळीची लांबी मोजलेलीच नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे हात जोडून एक विनंती. अंतर कमी व्हावं म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात आणू नका. सिलिंडरचा एक घनफूट गॅस नीट जळायला पंचवीस-तीस घनफूट हवा लागते. पावसाळ्यात, थंडीत आपण खिडकी घट्ट लावतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. न्हाणीघरात गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉनने पहिला गॅस गिझर केला, त्यालाही धुराडं नव्हतं. धूर घराबाहेर सोडायचा, दीडशे वर्षांत आपण तेवढं तरी शिकलं पाहिजे.

आम्ही गिझर न्हाणीघराच्या भिंतीला बाहेरून लावला, उघड्या हवेत, खिडकीपासून लांब. वर पत्रा घातला, नाहीतर आपला पाऊस आणि वारा ज्योत टिकू देत नाहीत. नळी अर्धा इंची, लांबी तीन मीटर. तिच्यात अर्धा लिटरही मावत नाही. नळीवर फोमचं वेष्टन आहे. त्याचा उपयोग लागोपाठच्या अंघोळींना होतो, रात्रभर नाही. टाकी दोन मीटर वर चढवली, तो खर्च मात्र मोठा झाला.

आता सकाळी आधी दीड तांब्या गार पाणी येतं. आई ते वाया घालवत नाही. तांब्या बाजूला ठेवते, बादली कढत पाण्याने भरू देते आणि मग तेच पाणी विसण म्हणून त्यात ओतते.