पिशवी काढण्याआधी

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पाळी जाण्याचा आहे. मागच्या बाकांवरचे काही बंधू आत्ताच छताकडे पाहू लागले आहेत. पण आपणही ऐका, कारण ऑपरेशनच्या कागदावर बहुधा आपलीच सही असते. पवित्र शास्त्राला या विषयाचा संकोच नाही. सारेची पाळी बंद झाली होती, हे उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात सरळ नोंदलेले आहे.

पाड्यांवर फिरताना चाळिशीपुढच्या बायका मला एकच गोष्ट सांगतात, "ताई, फार अंगावरून जातं." मग कोणीतरी तालुक्याला नेतो आणि तिथे सांगतात, पिशवी खराब झाली, काढून टाका. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा ऑपरेशनांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली गेली. आपल्या नंदुरबारकडच्या बायकाही ऊसतोडीला जातात. म्हणून या वयात शरीरात नेमके काय घडते ते समजून घेऊ.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. पुढे नवी तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि पाळी जाताना हजाराच्या आसपास. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक सोडून बीजांडकोशांना कामाला लावते. तिकडून इनहिबिन या दुसऱ्या संप्रेरकाचा निरोप येतो, की आता पुरे. बीजे कमी झाली की हा निरोप क्षीण होतो आणि एफएसएच चढत जाते. ऐकू कमी येणाऱ्या सासूबाईंना हाक मारताना आपला आवाज चढतो ना, तसेच.

इस्ट्रोजेन घाट उतरावा तसे हळूहळू कमी होत जाते, असा समज आहे. तसे होत नाही. पाळी जाण्याआधीची काही वर्षे ते हिंदकळत असते. एखाद्या महिन्यात तरुणपणीपेक्षाही जास्त, तर पुढच्या महिन्यात अगदी कमी. आधी कमी पडते ते प्रोजेस्टेरॉन. ते बीज बाहेर पडल्यावरच पुरेसे तयार होते, आणि या वयात पुष्कळ महिने बीज बाहेर पडतच नाही. मग इस्ट्रोजेन पिशवीचे अस्तर वाढवत राहते, त्याला आवरणारे कोणी नसते आणि ते केव्हाही, कसेही सुटते. दोन महिने पाळीच नाही, मग आली की पंधरा दिवस थांबत नाही. अशा वेळी पुष्कळदा पिशवी चांगली असते, संप्रेरकांचा हिशेब चुकलेला असतो. गाठ किंवा दुसरा आजारही असू शकतो, म्हणून तपासणी मात्र हवीच.

आमच्या भागातील एक मावशी, वय ४४. एका खासगी दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती आणि घरच्यांनी बैल विकायला काढला होता. आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासला. गाठ नाही, कर्करोग नाही. हिमोग्लोबिन मात्र ७. प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १० झाले, आणि बैल अजून गोठ्यात आहे.

पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर जे उतरायला काही वर्षे लागतात ते एका दिवसात कोसळते. गरम वाफा, झोप उडणे, हाडे लवकर झिजणे हे सगळे पस्तिशीतच सुरू होते. डोक्यावर लाकडाची मोळी वाहणाऱ्या बाईला ही हाडे अजून तीस वर्षे पुरवायची असतात. कागदावर नक्की काय काढणार हे लिहिले आहे का, ते विचारा.

सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली. आपल्या देशात हे साधारण ४६-४७व्या वर्षी घडते. त्यानंतर इस्ट्रोजेन खालच्या पातळीवर स्थिरावते आणि एफएसएच चढेच राहते. चरबीत थोडे इस्ट्रोन तयार होते, तेवढाच आधार. पंचेचाळिशीनंतर पाळी चुकू लागली, तर केवळ खात्रीसाठी एफएसएचची तपासणी करून घेण्यात सहसा अर्थ नसतो. आज चढलेला आकडा महिन्याभराने उतरलेला दिसतो. तो पैसा डाळ-अंड्यावर खर्च करा! पण १२ महिन्यांनंतर नुसता डाग दिसला तरी लगेच तपासा, कर्करोग नाही ना हे पाहावेच लागते. मार्कच्या ५व्या अध्यायातील स्त्रीने १२ वर्षे रक्तस्राव सोसला आणि होते नव्हते ते वैद्यांवर घालवले. आज १२ दिवसही थांबण्याची गरज नाही.

आपल्या देणग्यांतून गाडीभाडे निघते. अडचण वेगळीच आहे. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मावशीला रुग्णालयातील मराठी कागद कळत नाही आणि विचारायचा धीर होत नाही. तिच्याबरोबर बसून कागद वाचून दाखवणारी बाई हवी. महिन्यातला एक दिवस ज्यांना देता येईल, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे.