शिदोरीसह प्रोग्राम



आपल्या मन्नाएखेळ्ळीतला एखादा मुलगा वर्गणीच्या पावत्यांसाठी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहील. पण पायथॉन नसलेल्या खजिनदारांच्या संगणकावर तो चालायचा नाही. परगावी निघालेल्याला आपण भाकरीची कृती सांगत नाही, शिदोरी बांधून देतो. पायइन्स्टॉलर तेच करतो: प्रोग्रामसोबत पायथॉन व लागणाऱ्या लायब्रऱ्याही बांधतो. मात्र विंडोजची शिदोरी विंडोजवरच बांधावी.

एकाच फाइलची शिदोरी दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि प्रोग्राम बंद होताच ते फोल्डर पुसले जाते. आम्ही कचेरीतली माणसे, नोंदी जपणारी. म्हणून सांगतो, पावत्यांची नोंद वेगळ्या, कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर लोकांच्या पैशाचा हिशेब विसर्जनाआधीच बुडायचा!

गणपती बाप्पा मोरया!