पाखरांची भूल : जोखीम आणि जबाबदारी
(संस्थेच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागातर्फे केलेले निवेदन)



‘एवढ्याशा पाखराला भूल द्यायला एवढी यंत्रसामग्री कशाला?’ असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. देणगीतील प्रत्येक रुपयाचा विनियोग जाणून घेण्याचा आपणांस अधिकारच आहे.

ब्रिटनमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, भुलेशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांमध्ये शेकडा ०.१७, तर बजरीगर पक्ष्यांमध्ये शेकडा १६ हून अधिक आढळले. याचे कारण पाखराच्या देहरचनेत आहे. त्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. फुप्फुसे फुगत नाहीत. छातीचे हाड खाली-वर झाले, की वायुकोशांतून हवा खेळते. म्हणून पाखराला छातीभोवती घट्ट धरले, तरी ते गुदमरते. भुलेत स्नायू सैल पडले, की हा भाताही मंदावतो. शिवाय शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसहून अधिक; ते झपाट्याने उतरते. तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरच्या अंगात रक्त जेमतेम तीन-चार मिलिलिटर! तेथे थेंबांचाच हिशेब ठेवावा लागतो.

यासाठी आम्ही आयसोफ्लुरेन हा वायू प्राणवायूसोबत देतो. त्याची मात्रा क्षणोक्षणी कमी-अधिक करता येते आणि तो थांबवताच पाखरू लवकर शुद्धीवर येते. श्वासनलिकेची कडी पूर्ण व न ताणणारी असल्यामुळे नळीचा फुगा आम्ही फुगवत नाही. अंगाखाली ऊब, हृदयाचे ठोके ऐकणारे यंत्र, आणि शस्त्रक्रियेत हात न घालता केवळ श्वासावर नजर ठेवणारा एक सहकारी, एवढे जमल्याखेरीज आम्ही भूल देत नाही.

हा नियम आम्ही एका चुकीतून शिकलो. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने पंख चिरलेली एक घार आमच्याकडे आली. रक्त पाहून आम्ही घाई केली आणि तिला तत्काळ टेबलावर घेतले. टाके उत्तम पडले. पण घार शुद्धीवर आली नाही. जखमेइतकाच भयाचा व उपासमारीचा भार तिच्यावर होता, हे आम्ही ध्यानात घेतले नव्हते. आता रक्तस्राव थांबवून अशा पाखराला प्रथम अंधाऱ्या, उबदार पेटीत शांत ठेवतो, द्रव व वेदनाशामक देतो, आणि ते सावरल्यावरच भुलेचा विचार करतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली; तरीही जखमी पाखरे येतच असतात, याचा खेद वाटतो.

पालकांना दोन विनंत्या. शस्त्रक्रिया म्हणजे रात्रीपासून उपवास, हा माणसांचा नियम लहान पाखरांना लावू नये. रात्रभराच्या उपवासाने त्यांच्या रक्तातील साखर घसरते. किती वेळ उपाशी ठेवावयाचे ते आम्हांस विचारावे. तसेच, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी धोका नीट समजून घ्यावा. तो आम्ही लपवणार नाही.

वन्य पक्षी सापडल्यास त्याला खोक्यात झाकून आणावे, पाणी-दाणा बळेच भरवू नये, आणि वन विभागास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही. आपला साधा हिरवा पोपटही त्यात आला. अशा पक्ष्याचे केवळ प्राण वाचणे पुरेसे नाही. तो पुन्हा उडाला, तरच आमचे काम पूर्ण झाले.

देणगीदारांनो, आपल्या साहाय्याने येथे जे येते ते केवळ यंत्र नव्हे. एका इवल्या श्वासावर शेवटपर्यंत लक्ष ठेवण्याची सोय आहे. हा लोभ असाच राहावा, ही नम्र विनंती.